पुटपुटे पिणं कमी करतात

पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण ते दारावरच्या पाटीवर आणि बायकोच्या रागात तेवढं शिल्लक उरलं होतं. नाटक मंडळीत बुकिंगवाल्यापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना पुटपुटेच म्हणत, कारण उभं आयुष्य त्यांनी विंगेत बसून पुटपुटण्यात घालवलं होतं. ते प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, काळ्या पडद्याच्या आड, हात मोडलेल्या खुर्चीत संहिता मांडीवर घेऊन बसायचं. नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचवायचं आणि पहिल्या रांगेच्या कानापर्यंत पोचू द्यायचं नाही.

हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यांचा आवाज उंदरासारखा होता. फळीखालून सरपटत जायचा, हव्या त्या माणसाच्या पायाशी निघायचा आणि शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. त्याहून मोठी त्यांची विद्या म्हणजे शांतता ओळखणं. नट गप्प झाला की ती शांतता अभिनयाची आहे की बोंब झाल्याची आहे, हे ते त्याच्या पायावरून सांगत. अभिनय चालू असेल तर पाय फळीला घट्ट. वाक्य विसरलं की पायाचा अंगठा आपोआप उचलला जातो. वर चेहऱ्यावर सम्राट, खाली अंगठ्यात गृहपाठ न केलेला पोरगा. अंगठा हलला की उंदीर सुटला. समोर बसलेले हजार लोक म्हणत, काय पॉज घेतलाय! पुटपुटे आतल्या आत हसत आणि थर्मास उघडत.

थर्मासमध्ये चहा आहे असं ते सांगत. थर्मासमध्ये चहा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही बाजूंना हा संवाद इतका पाठ झाला होता की त्याला प्रॉम्प्टर लागत नव्हता. सुरुवातीला मध्यंतरात एक झाकण, तेही घसा ओला राहावा म्हणून. मग घसा तिसऱ्या घंटेआधीच कोरडा पडायला लागला. मग मेकअपच्या वेळी. पुढेपुढे तर दाढी करताना घसा कोरडा पडू लागला, ज्या कामात घशाचा काही संबंध येत नाही.

मंडळीचा खांब म्हणजे बाई. बाईंचं वय विचारण्याचं धाडस आजवर एकाच पत्रकाराने केलं होतं आणि त्याला नंतर खेळाच्या पानावर पाठवण्यात आलं. अजूनही बाई रंगमंचावर पायरीवरून नुसत्या उतरल्या तरी प्रेक्षागृहात खोकणारा खोकला गिळायचा. पण अलीकडे बाईंची आठवण झिजत चालली होती, आणि हे पुटपुट्यांखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. पूर्वी त्यांना प्रयोगात एखादा शब्द पुरवावा लागे, आता पानंच्या पानं. बाई त्या वाक्याची शहानिशा करत नसत. डावीकडून जे येईल ते उचलायचं आणि आपल्या सोन्याच्या आवाजात हजार लोकांना द्यायचं. इतका विश्वास पुटपुट्यांवर त्यांच्या सख्ख्या बायकोनेही कधी टाकला नव्हता.

त्या हंगामात मंडळीची दोन नाटकं चालू होती, एक रडकं आणि एक हसरं. रडक्यात शेवटी बाई मरणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी बसत. तो क्षीण आवाजात म्हणे, "मी निघालो." बाई म्हणत, "निघा. मी मागून येतेच आहे." आणि पडदा. रुमाल विकणाऱ्याने दारात उभं राहावं असा शेवट. हसऱ्यात बाई खाष्ट घरमालकीण होत्या आणि तिथे हाकलून दिलेला भाडेकरू पेटी उचलून म्हणे, "मी निघालो."

एका प्रयोगाला थर्मास पहिल्याच अंकात रिकामा झाला आणि कोपऱ्यावरून पुन्हा भरून आणला गेला. तिसऱ्या अंकात संहितेतल्या ओळी पोहायला लागल्या, तेव्हा पुटपुट्यांनी संहिता मिटली आणि पाठांतरावर भिस्त टाकली. सगळ्या प्रॉम्प्टरांना हा गर्व असतो. पलंगावरचा नवरा म्हणाला, "मी निघालो." बाईंचा अंगठा हलला. उंदीर सुटला.

बाई नवऱ्याचा हात हातात घेऊन, डोळ्यांत खरं पाणी आणून म्हणाल्या, "निघा. आणि जाताना बाथरूमचा दिवा बंद करा."

मग बाल्कनीत कोणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळं प्रेक्षागृह कोसळलं. मेलेला नवरा पांघरुणाखाली गदगदा हलत होता. पडदा ओढणाऱ्याच्या हातातून दोर सुटला. बाई मात्र हात हातात घेऊन तशाच बसून राहिल्या, पाठ ताठ, नजर समोर, आणि लोक त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होते.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मेकअपच्या खोलीत शांतपणे टिकली काढत बसल्या. मॅनेजर मात्र हातात एक छोटी डबी घेऊन आत आला. मॅनेजर गोल माणूस होता आणि रागावला की अजून गोल व्हायचा.

"हे बघा बाई, कानात बसणारं यंत्र. दाण्याएवढं. मी आतून माइकवर वाक्यं सांगणार, तुम्हाला कानात ऐकू येणार. या बेवड्याची गरजच नाही."

"तू सांगणार?" बाई आरशातूनच म्हणाल्या. "तू स्वतःच्या बायकोला फोनवर काय बोललास ते तुला पाच मिनिटांनी आठवत नाही. आणि मी कानात काही घालणार नाही. कानात यंत्र घातलं की म्हातारी झाले असं लोक म्हणतात."

"मग कसं करायचं?"

बाई वळल्या. दाराशी पुटपुटे उभे होते, दाराच्या चौकटीचा आधार घेऊन.

"थिएटर डागडुजीसाठी बंद होतंय," बाई म्हणाल्या. "खुर्च्या, छप्पर, सगळं. ते उघडेल तेव्हा रडकं नाटकच पहिलं लागेल. तू शुद्धीत त्या खुर्चीत बसणार असशील तर मी उभी राहीन. नसशील तर मीही नाही. घरी बसेन. मला घरी बसायचं नाही, हे तुला ठाऊक आहे."

"बाई, शपथ…"

"शपथा नाटकातल्या पुरे झाल्या. वासाचं सांगत नाहीये मी. वास मी इतकी वर्षं सोसला. चुकीचं वाक्य सोसणार नाही."

एवढ्यावर दोन आयुष्यं टांगली गेली आणि त्यातलं एक बाईंचं होतं.

घरी पुटपुट्यांनी हे नाट्यपूर्ण रीतीने सोडवायचं ठरवलं. बायको सोफ्याची कव्हरं शिवायची आणि जे बोलायचं ते मशीनच्या घरघरीवर बोलायची, त्यामुळे त्या घरात सगळी बोलणी कायम वरच्या पट्टीत चालत. पुटपुटे बाटली घेऊन बेसिनपाशी उभे राहिले, एक पाय पुढे, मान तिरकी.

"आजपासून, आत्तापासून," ते म्हणाले, "तुझा माझा संबंध संपला!" आणि बाटली उलटी केली.

मशीन थांबलं. "अहो, बेसिन आत्ता घासलंय मी," बायको म्हणाली.

"अगं, मी दारू सोडतोय!"

"सोडा. पण पाणी ओता वरून. वास बसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचे हात असे कापायला लागले की वर्तमानपत्र धरलं तर कबुतरं उडाल्यासारखा आवाज यायचा. घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटायला लागलं की खुंटीवरचा कोट वाक्य विसरलाय. ते पलंगावरून खाली उतरले आणि कोटाला प्रॉम्प्ट करू लागले. कोट काही उचलेना. मग त्यांना कोटाचा राग आला.

बायकोने इतक्या वर्षांत नवऱ्याला पिऊन पडलेलं पाहिलं होतं, पण कोटाशी भांडताना पहिल्यांदाच पाहत होती. तिने मशीनवर झाकण टाकलं, कोट त्यांच्याच अंगावर चढवला आणि रिक्षात कोंबून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या भाचीएवढ्या. केस विस्कटलेले, टेबलावर गार झालेला चहा.

"रोज किती घेता?"

"बेताचीच."

"बेत कोण करतं?"

"बाटली," बायको म्हणाली. "संपली की बेत संपला."

"आणि एकदम बंद केलीत? कोणी सांगितलं एकदम बंद करायला?"

"अंतरात्म्याने," पुटपुटे म्हणाले.

"त्याची डिग्री काय?" डॉक्टरीणबाईंनी नाडीवरून बोट न उचलता विचारलं. "अहो, रोज एवढी पिणाऱ्याने एका झटक्यात थांबवली की शरीर बिथरतं. झटके येतात. माणूस दगावूसुद्धा शकतो. सोडायची तर आधी इथे यायचं, औषधाच्या आधाराने सोडायची. शूरपणा नाटकात करा."

"बघा, मी हेच म्हणत होते," बायको म्हणाली, जरी ती तसं काहीच म्हणत नव्हती.

त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. सलाईन, जीवनसत्त्वं, झोपेच्या गोळ्या. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला गवंडी होता. कोटाचं भूत उतरल्यावर पुटपुट्यांनी त्याला दोन्ही नाटकं वाक्यावाक्याने सांगितली. हसरं त्याला आवडलं. रडक्यात तो झोपला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "आता अंगातली उतरलीये. सगळ्यात सोपं म्हणजे पुन्हा चढवायची नाही. तुमच्यासारख्याने अजिबात नको, हे माझं मत."

"अगदीच शून्य?" पुटपुट्यांचा चेहरा पडला. "कमी करतो ना. सुट्टीच्या दिवशी थोडी. माणसासारखी."

"तुम्हाला एकावर थांबता येतं?"

"येत असावं. कधी पाहिलं नाही."

बायको खिडकीबाहेर बघून हसली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "मी नको म्हणणार आणि तुम्ही ऐकणार नाही. तेव्हा निदान एवढं करा. घरात बाटली ठेवू नका. एकट्याने घेऊ नका. रिकाम्या पोटी नको. घ्यालच तर बाटलीतून ओतायची नाही, मापाने घ्यायची. आणि मन ओढायला लागलं की कोणाला तरी फोन करायचा. पुन्हा रोजची झाली तर मात्र एकदम थांबवायची नाही, सरळ इथे यायचं. आणि एका ठिकाणी जा. शाळेच्या वर्गात सभा भरते, पिणाऱ्यांची. तिथे फक्त बसा."

"बसायचं मला जमतं," पुटपुटे म्हणाले. "मी आयुष्यभर बसलोच आहे."

शाळा मुलांची होती, बाकं मुलांची होती. गुडघे छातीला लावून मोठी माणसं बसली होती. निवृत्त बस ड्रायव्हर, केस रंगवण्याचं दुकान चालवणारी एक बाई, एक प्लंबर जो सारखा वर्गातल्या गळक्या नळाकडे बघत होता, आणि आणखी काही. फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. पद्धत अशी की एकाने उठून आपलं सांगायचं आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायचं.

प्लंबर उठला. "माझ्या मुलीने मला त्या दिवशी दारातच विचारलं… ती म्हणाली…" त्याला हुंदका आला. तो थांबला. त्याचा बूट जमिनीवरून जरासा उचलला गेला.

"बाबा, तुम्ही घरी नका येऊ," कोपऱ्यातून बारीक आवाज आला.

सगळे वळले. पुटपुट्यांचं तोंड अजून अर्धं उघडं होतं. त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं की उंदीर सुटला.

"काय?" प्लंबर म्हणाला.

"नाही… पुढचं वाक्य… मला वाटलं तुम्ही अडलात."

"अहो, मी रडत होतो!"

"ते दिसलं. पण फार लांबलं."

ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. केसवाल्या बाईला हसू फुटलं आणि ते तिला आवरेना. प्लंबर थोडा वेळ रागाने बघत राहिला. "आणि ती असं म्हणालीच नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली, बाबा, तुम्ही आत या, पण आवाज करू नका, धाकटी झोपलीये." आणि मग तो बसून खूप रडला. पुटपुट्यांना वाटलं, आपण दिलेलं वाक्य कितीतरी वाईट होतं. खऱ्या माणसाचं वाक्य संहितेत नसतं, हे त्यांना इतक्या वयात पहिल्यांदाच उमगलं आणि ते जरा घाबरले.

तरी सवय जाईना. पुढच्या सभांना ते दोन्ही हात तोंडावर ठेवून बसायचे. ड्रायव्हर मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचा आणि कोणी थांबलं की कोपराने ढोसायचा. "गप, भाऊ. त्याला सापडू दे त्याचं त्याला."

मग त्यांची पाळी आली. पुटपुटे उठले, बाकातून गुडघे सोडवले, आणि गप्प उभे राहिले. त्यांना हजारो वाक्यं पाठ होती. राजांची, वकिलांची, फसवलेल्या प्रेयसींची. त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. त्यांनी अडलेल्या नटासारखं डावीकडे पाहिलं. डावीकडे नकाशा होता. कोणी काही पुरवलं नाही. सगळे वाट बघत राहिले, आणि पुटपुट्यांना कळलं की लोकांसमोर उभं राहिल्यावर ही शांतता किती लांब असते.

"मला," ते शेवटी म्हणाले, "लघवीला जायचंय."

आणि गेले. त्या दिवशी परत आलेच नाहीत.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर त्यांना घरून घेऊन आला. त्या दिवशी ते बोलले. पुटपुटले, म्हणायला हवं. मागच्या बाकावरून केसवाली बाई म्हणाली, "मामा, ऐकू येत नाही."

"मी म्हणालो, मी बाईंना चुकीचं वाक्य दिलं…"

"अजून नाही आलं!"

"अगं, माझा आवाज एवढाच आहे. मोठा केला तर नोकरी जाते."

"इथे कोण काढणार आहे तुम्हाला?" ड्रायव्हर म्हणाला. "बोला मोठ्याने."

पुटपुट्यांनी छाती भरून घेतली. "मी चुकीचं वाक्य दिलं! आणि त्यांनी ते घेतलं, कारण त्या माझ्याकडून आलेलं काहीही घेतात! लोक त्यांना हसले. मला कोणी हसलं नाही. मी दिसतच नव्हतो!" शेजारच्या वर्गात कोणीतरी गाण्याचा क्लास घेत होतं, तो थांबला. स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत येताना त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो जरा चिरका होता. त्यांना तो आवडला नाही, पण त्यांनी पुढे सांगितलं. की विंगेत बसल्यावर भीती वाटते, एवढ्या माणसांची अब्रू आपल्या जिभेवर आहे याची. आणि ती भीती घालवायला जे घ्यायचो, त्यानेच जीभ घसरली.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. प्लंबर म्हणाला, "चहा घेणार?" चहा फार वाईट होता.

हे वाचून पुटपुटे सुधारले असं कोणाला वाटेल, तर थांबा. मंडळीतला लाइटवाला निवृत्त झाला. लाइटवाला त्यांचा जुना सोबती. दोघांनी मिळून जेवढी रिचवली तेवढ्यात डागडुजी चाललेलं थिएटर धुऊन निघालं असतं. पार्टीला पुटपुटे हातात सरबताचा ग्लास धरून उभे राहिले. रिकामा हात दिसला की लोक भरतात, हे त्यांना सभेत कळलं होतं. सगळं ठीक चाललं होतं. मग लाइटवाला गळ्यात पडून म्हणाला, "आज माझ्यासाठी एक. एकच. मापाने."

माप हा शब्द ऐकून पुटपुट्यांना वाटलं, डॉक्टरीणबाईंचीच परवानगी आली. माप होतं, कपाचं होतं, आणि त्यांनी ते भरपूर वेळा मापलं. त्यांना घरी पोचवलं कोणी, हे आजही नक्की नाही.

दुसऱ्या दिवशी ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. "संपलं," ते म्हणाले. "बाईंना कळवून टाक. मी नाही बसू शकत."

"मी का कळवू?" मशीनच्या घरघरीवरून बायको ओरडली. "तुमची बाई, तुम्ही कळवा. मी इथे रडायला बसले नाहीये, कव्हर द्यायचंय मला उद्या." मग मशीन थांबलं. "मी ड्रायव्हरला फोन केलाय," ती म्हणाली. "तुम्हाला करायचा होता ना, ओढायला लागल्यावर? तुम्ही नाही केलात. मी केला."

ड्रायव्हर आला, अर्धवट कव्हर घातलेल्या सोफ्यावर बसला, पुढ्यात आलेलं खाल्लं. उपदेश केला नाही. आपण दोनदा दारू सोडूनही पुन्हा प्यायलो आणि बस घेऊन थेट डेपोच्या भिंतीत कसे शिरलो, ते मात्र सविस्तर सांगितलं, भिंतीच्या रंगासकट. मग पुटपुट्यांना घेऊन दवाखान्यात गेला.

"एकावर थांबता येतं का, ते पाहिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाहिलं."

"मग?"

"कमी करण्यात माझा फार वेळ जातो," पुटपुटे म्हणाले. "त्यापेक्षा शून्य सोपं आहे. शून्य मोजावं लागत नाही."

डॉक्टरीणबाईंनी ओढ कमी करणारं औषध लिहून दिलं आणि सभा चुकवायची नाही असं बजावलं. पुटपुट्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता सोडला, लांबच्या रस्त्याने तालमीला जाऊ लागले. थर्मासमध्ये खरंच चहा आला आणि मंडळीतल्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. पडदेवाल्याने तर गुपचूप पिऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "साखरच नाही," तो म्हणाला, जणू फसवणूक झाली.

शुद्धीत बसल्यावर एक गोष्ट मात्र पुटपुट्यांना नव्याने दिसली. बाई जेवढ्या विसरत होत्या असं त्यांना वाटत होतं, त्याहून कितीतरी जास्त विसरत होत्या. दारूने जसं त्यांचं स्वतःचं घसरणं त्यांच्यापासून झाकलं होतं, तसं बाईंचं विसरणंही झाकलं होतं. तालमीत ते एकेक ओळ पुरवत होते आणि बाई त्या फळीवर जणू त्यांचं बोट धरून चालत होत्या.

थिएटर उघडलं. नव्या खुर्च्या, नवा रंग, आणि छतात नवीकोरी थंड हवेची यंत्रणा. मॅनेजर तिच्याकडे पोटच्या पोराकडे बघावं तसा बघत होता. प्रेक्षागृह भरलेलं. मागच्या वेळी हसलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा हसायला आले होते. यंत्राची डबी मॅनेजरने खिशात तयार ठेवली होती.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात बाई एकट्याच औषधाची बाटली घेऊन येतात आणि झोपलेल्या नवऱ्याला उठवतात. बाई आल्या. उभ्या राहिल्या. नेमकं तेव्हाच छतातली यंत्रणा जोरात घुमायला लागली. बाईंचा पाय हलला आणि पुटपुट्यांनी वाक्य सोडलं.

बाई हलल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा सोडलं. आयुष्यभर मुरलेला त्यांचा आवाज जुन्या, शांत थिएटरच्या मापाचा होता, आणि नव्या यंत्राच्या घुमण्याखाली तो चिरडला जात होता. बाईंनी मान किंचित डावीकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांत अशी भीती पुटपुट्यांनी कधी पाहिली नव्हती. बाल्कनीत कोणीतरी घसा साफ केला. हसण्याच्या आधी करतात तसा. समोरच्या विंगेत मॅनेजर खिशातली डबी चाचपत होता.

प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत गेला की प्रॉम्प्टर गेला, हा या धंद्यातला पहिला नियम. पुटपुट्यांनी तो जन्मात मोडला नव्हता, अगदी पूर्ण झिंगलेले असतानासुद्धा. त्यांनी छाती भरून घेतली.

"औषधाची वेळ झाली! उठा!"

आवाज चिरका होता आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पलंगावरचा नवरा दचकून वेळेआधीच उठून बसला. सगळं प्रेक्षागृह त्या विंगेकडे वळलं. बाईसुद्धा वळल्या, आरामात, जणू आत घरातलं कोणी बोलतंय.

"ऐकलं हो," त्या विंगेकडे बघून म्हणाल्या. "बहिरी नाही झाले अजून." आणि मग नवऱ्याकडे वळून, अगदी हळू, "औषधाची वेळ झाली. उठा."

लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं, बाईंच्या बाजूचं होतं. पुटपुट्यांनी खुर्ची धरून पुढे सरकवली, इतकी की डावीकडच्या रांगांना त्यांचा एक गुडघा प्रयोगभर दिसत राहिला. यंत्र घुमलं की ते आवाज वाढवत, थांबलं की उतरवत. शेवटच्या प्रवेशाला कोणीही हसलं नाही. बाल्कनीत नाकं शिंकरण्याचा आवाज येत होता.

पडदा पडल्यावर मॅनेजर गोल गोल होत आला. "गुडघा! तुमचा गुडघा दिसत होता! आणि आवाज! सगळ्यांनी आवाज ऐकला!"

"मीही ऐकला," बाई म्हणाल्या. "म्हणून उभी राहिले. ती डबी तुझ्या बायकोला दे, आणि वर ते काय गुरगुरतंय ते आधी बंद कर."

मॅनेजर छताकडे बघत निघून गेला. बाई पुटपुट्यांच्या खुर्चीच्या उरलेल्या एका हातावर टेकल्या. इतक्या वर्षांत त्या विंगेत कधी बसल्या नव्हत्या. इथून फळी किती लांब दिसते याचं त्यांना नवल वाटलं. मग त्या इकडेतिकडे बघून, कोणी नाही अशी खात्री करून म्हणाल्या, "ऐक. मला दुसरा अंक अजिबात येत नाही. एक ओळ नाही. उद्या लवकर ये, आपण बसू."

"उद्या संध्याकाळी प्रयोग नाही," पुटपुटे म्हणाले, "पण संध्याकाळी माझी सभा असते."

"कसली सभा?"

पुटपुट्यांनी सवयीने आवाज खाली आणला, मग पुन्हा वर नेला. "पिणाऱ्यांची. सकाळी येतो, बाई."

"सकाळी ये," बाई म्हणाल्या. "मी चहा ठेवते."